एका पेटीत तीन बिऱ्हाडे

दिवाळीपूर्वी घर झाडावयास काढले, की माळ्यावरून काय काय खाली येईल याचा नेम नसतो. पितळी पातेली, मोडका पाळणा, कोणाच्या तरी लग्नातील सतरंजी, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या मंडळीत येऊन बसलेली एक पाहुणी, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी. ती खाली आली, की यजमान म्हणतात, "आता हिला भंगारात देऊन टाकू." लगेच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, पण तिच्यात मोठ्याच्या मुंजीचे फोटो आहेत ना!" पेटीवरची धूळ पुसली जाते, पेटी परत माळ्यावर जाते, आणि प्रश्न एक वर्षापुरता मिटतो.

यंदा तो मिटवण्याऐवजी सोडवावा, असे या सदराने योजले आहे. त्याला कारणही आहे. विंडोज १० या प्रणालीची नित्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि पुष्कळ घरांतील जुने कॉम्प्युटर विंडोज ११ चालवावयास अपात्र ठरले. त्यामुळे नव्या यंत्रांची खरेदी झाली, आणि बहुतेक ठिकाणी सारखाच प्रसंग उभा राहिला. नव्या पेटीत ५०० जीबीची एसएसडी आहे, म्हणजे जिच्यात काहीच फिरत नाही अशी डिस्क. अलीकडच्या यंत्रातून काढलेली १ टीबीची फिरत्या तबकड्यांची डिस्क हाताशी आहे. आणि माळ्यावरच्या पेटीतली ५०० जीबीची आजीबाई आहेच. आता या तिघींना एका छपराखाली नांदवावयाचे कसे? कोणाला कोणते काम द्यावयाचे? आणि प्रत्येकीचे भाग किती पाडावयाचे?

भाग पाडण्याला कॉम्प्युटरच्या भाषेत पार्टिशन म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला मुळीच परका नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत थोरल्याचे लग्न झाले, की सुतार बोलावून लाकडी पार्टिशन घालावयाचे, ही मुंबईतील हजारो घरांची रीत होती. त्या पार्टिशनमुळे अलीकडे आणि पलीकडे अशी दोन दालने होत. अलीकडे पाहुणे बसत, पलीकडे नवी सून वावरे. परंतु खोली एकच राही. कौल फुटले की दोन्हीकडे गळे, ढेकूण झाले की दोन्हीकडे होत, आणि भाडे थकले तर घरमालक दोन्हीकडच्या सामानाला कुलूप लावी. पार्टिशन घातल्याने बिऱ्हाड दुसरे होत नाही. एवढी एक गोष्ट ज्याच्या ध्यानी आली, त्याला या विषयातले निम्मे कळले असे समजावे. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र ती ग्राहकाला क्वचितच सांगितली.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली, त्यामुळे स्वभाव चोख. त्यांच्या कॉम्प्युटरवर सी, डी, ई आणि एफ अशी चार नावे दिसत. दुकानदाराने यंत्र जोडून देतानाच एका डिस्कचे चार भाग पाडून दिले होते. 'डी'मध्ये घरचे फोटो, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रे. 'ई'मध्ये त्या साऱ्याची दुसरी प्रत. दर रविवारी चहा झाला, की ते 'डी'वरचे नवे सामान 'ई'वर उतरवीत आणि एका वहीत तारीख घालून सही करीत. असा नियम त्यांनी सहा वर्षे पाळला. एके दिवशी पावसाळ्यात पेटीतून टक् टक् असा आवाज येऊ लागला, आणि दुपारपर्यंत चारही अक्षरे एकदम नाहीशी झाली. डिस्क एकच होती. ती गेली, त्याबरोबर मूळ प्रतही गेली आणि नक्कलही गेली.

गेलेल्या डिस्कमधून माल काढून देणारे तज्ज्ञ शहरात असतात. त्यांचे काम धूळ नसलेल्या बंद खोलीत चालते, आणि त्याचा आकार यंत्राच्या किमतीहून सहज वर जातो. या गृहस्थांनी तोही भरला. काही फोटो आले. लग्नाचे फोटो नागपूरच्या लेकीकडे एका पेन ड्राइव्हवर होते, ते परत मिळाले. मात्र त्यांच्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, अकरा मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण नातवाने मोबाइलवर केले होते, ते तबकडीच्या खरवडल्या गेलेल्या भागात होते. आई २०१४ सालीच गेली. वही अजून आहे, आणि तिच्यात दर रविवारची सही आहे.

या गृहस्थांचा दोष काय? नियम चुकला नाही, आळस झाला नाही. त्यांना एवढेच कोणी सांगितले नव्हते, की ही अक्षरे म्हणजे डिस्का नव्हेत, डिस्कवर ओढलेल्या रेघा आहेत.

ही रेघा ओढण्याची सवय आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. आयबीएमने १९५६ साली जगातला पहिला डिस्कसाठा बाजारात आणला, तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि इतक्या खटाटोपातून मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलवरचा एक चांगला फोटोसुद्धा त्यात जेमतेम बसेल. पुढे १९८३ साली त्याच कंपनीने घरगुती आकाराच्या कॉम्प्युटरमध्ये १० एमबीची डिस्क बसवली. त्या यंत्रांत 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी आधीच राखलेली होती, म्हणून डिस्कच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी काळाच्या पडद्याआड गेली, तरी 'सी' अजून तिसऱ्याच पाटावर बसलेली आहे.

त्या काळी डॉस प्रणालीला ३२ एमबीहून मोठा भाग हाताळताच येत नसे. १९८८ साली ती अट सैल झाली, पण पुढे २ जीबीची नवी मर्यादा आडवी आली, आणि ती १९९६ पर्यंत टिकली. म्हणजे ८ जीबीची डिस्क घेतली तर तिचे चार तुकडे करण्यावाचून गत्यंतरच नव्हते. दुकानातील मुले हे शिकली, त्यांनी ते आपल्या हाताखालच्या मुलांना शिकवले, आणि कारण संपल्यावरही रीत चालू राहिली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत काय, जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरवर चार अक्षरे दिसली नाहीत तर ग्राहकालाच चुकल्यासारखे वाटे! त्यांतली 'सी' बहुधा सर्वांत लहान. दोन वर्षांत ती भरून लाल होई, आणि 'एफ'मध्ये शंभर जीबी रिकामे असूनही यंत्र "जागा नाही" म्हणून कुरकुरे. स्वयंपाकघर चार बाय चारचे आणि बैठकीची खोली चाळीस फुटांची, असे घर कोणी बांधीत नाही. डिस्का मात्र वर्षानुवर्षे अशा बांधल्या गेल्या.

फिरत्या डिस्कचे भाग पाडण्याला एक खरे कारण होते, ते सांगितले पाहिजे. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून एक बारीक आकडी आतबाहेर सरकत वाचन करते. आकडी आणि तबकडी यांच्यातले अंतर धुळीच्या कणाहूनही कमी असते. म्हणून तर चालू डिस्कला धक्का देऊ नये म्हणतात. तबकडीच्या बाहेरच्या कडेला घेर मोठा, तेव्हा एका फेऱ्यात तेथे अधिक मजकूर वाचला जातो. डिस्कवरचा पहिला भाग सामान्यतः त्या कडेला असतो. म्हणून प्रणालीला पहिला भाग द्यावा, ही युक्ती चांगलीच होती. उलट एकाच डिस्कच्या दोन भागांत एकाच वेळी काम काढले, तर आकडीला सारख्या येरझारा घालाव्या लागतात, आणि 'डी'वरून 'ई'वर नक्कल करताना यंत्र घामाघूम होते. एसएसडीत ना तबकडी, ना आकडी. तिथे आतली कडा आणि बाहेरची कडा हा भेदच नाही. वेग वाढावा म्हणून एसएसडीचे भाग पाडणे म्हणजे विजेचा दिवा वाऱ्याने विझेल म्हणून त्यापुढे हात धरणे होय.

तेव्हा आमचे मत असे. घरच्या नव्या एसएसडीचे भाग पाडूच नयेत. तिच्यावर विंडोज, रोज लागणारे प्रोग्रॅम आणि चालू काम एवढेच ठेवावे, आणि पाचवा हिस्सा तरी जागा मोकळी राहू द्यावी. ही डिस्क काठोकाठ भरली की मंदावते. १ टीबीची फिरती डिस्क पेटीत दुसऱ्या जागी बसवावी आणि तिला संग्रहाचे काम द्यावे. फोटो, मुलांच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, गाणी, घरभाड्याच्या करारांच्या प्रती. ज्या वस्तू वाढत जातात पण रोज लागत नाहीत, त्यांना वेगाची गरज नसते, जागेची असते. तिचेही एकच दालन पुरे. फार तर घरात कॉलेजातला मुलगा असेल आणि त्याचे खेळ प्रत्येकी शंभर-शंभर जीबी गिळत असतील, तर त्याला वेगळा भाग आखून द्यावा, म्हणजे त्याने आपल्या भागात हवा तो धुडगूस घालावा आणि फोटोंच्या जागेवर अतिक्रमण करू नये. पार्टिशनचा हा उपयोग मात्र खरा आहे. घरातल्या घरात मर्यादा आखण्यासाठी ते उत्तम असते. चाळीतही ते त्याचसाठी होते.

तिसरी, म्हणजे माळ्यावरची आजीबाई. तिला पुन्हा पेटीत कामाला जुंपू नये. चाळीस-पन्नास हजार तास चाललेल्या डिस्कने आणखी किती वर्षे रेटावे, याचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. किती तास चालली, आणि किती जागा खराब झाल्या म्हणून तिने स्वतःच बदलून घेतल्या, एवढे दोन आकडे पाहावेत. दुसरा आकडा शून्य असेल तर ठीक. वाढत असेल तर त्या डिस्कवरचे सामान त्याच दिवशी हलवावे, फराळ नंतर करावा. बाहेरून जोडावयाला यूएसबीचा एक जोड मिळतो. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कसाठी त्याच्याबरोबर विजेचा वेगळा पुरवठा लागतो, तो आहे ना हे दुकानातच पाहून घ्यावे. पेटी २००५ च्याही आधीची असेल, तर डिस्कच्या पाठीशी बारीक फटीऐवजी ४० टाचण्यांची रुंद रांग असण्याचा संभव आहे. तिचा जोड निराळा.

आता एक धोक्याची जागा. जुनी डिस्क जोडली, की कधी कधी पडद्यावर सूचना येते, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे." सूचना इतकी नम्र असते, की माणूस भिडेखातर होकार देतो. देऊ नये. यंत्राला त्या डिस्कची विभागणी वाचता आली नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे. आत काही नाही, असा नाही. 'इनिशिअलाइज' हा शब्द दिसला तरी तेच. नकार द्यावा, डिस्क सोडवावी, जोड बदलून पाहावा, आणि तरीही तेच आले तर जाणत्या माणसाकडे न्यावी. होकार दिल्यानंतरही काही माल वाचवता येतो हे खरे, पण ती शोधाशोध जळक्या घरातून भांडी काढण्यासारखी असते.

काम करण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी काहीही न हलवता, न पुसता, जुन्या डिस्कवरचे सारे सामान फक्त नकलून घ्यावे. 'हलवा' असे यंत्राला सांगू नये, 'नक्कल करा' असे सांगावे. मग चार-दोन फोल्डर उघडून फोटो खरोखर उघडतात का पाहावे. नंतर नव्या एसएसडीवर विंडोज घालावयाची असेल, तर त्या वेळी बाकीच्या सर्व डिस्कांच्या तारा काढून ठेवाव्यात. हे वाचून काहींना हसू येईल, परंतु त्यामागे अनुभव आहे. पेटीत दोन डिस्का असल्या, तर विंडोज स्वतः नव्या डिस्कवर बसते आणि यंत्र सुरू करण्याची किल्ली कधी कधी जुन्या डिस्कच्या कोपऱ्यात ठेवते. पुढे वर्षाने जुनी डिस्क बिघडली म्हणून काढली, की धडधाकट नवी डिस्क असूनही यंत्र सुरूच होत नाही. घरातील मंडळी नव्या डिस्कला दोष देतात. तार काढून ठेवली, की विंडोजला दुसरीकडे किल्ली ठेवण्याची संधीच मिळत नाही.

विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' नावाच्या दालनात सगळ्या डिस्का पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. 'डिस्क ०', 'डिस्क १' ही खरी बिऱ्हाडे, आणि प्रत्येक पट्टीतले चौकोन ही पार्टिशने. आमच्या त्या गृहस्थांनी हे पान एकदा पाहिले असते, तर डी आणि ई एकाच पट्टीत शेजारी बसलेले त्यांना दिसले असते. आजच रात्री प्रत्येकाने ते पान उघडून पाहावे. तेथे काही करावे असे नाही, फक्त पाहावे. मुख्य चौकोनाच्या आजूबाजूला शंभर एमबीचा एखादा, पाचसातशे एमबीचा दुसरा, असे निनावी चौकोन असतात. ते रिकामे वाटले तरी जागा वाचवण्यासाठी पुसू नयेत. यंत्र सुरू होण्याची आणि बिघडल्यास सावरण्याची सामग्री त्यांत असते.

येथेच भाग लहान करता येतो आणि वाढवताही येतो. पण वाढवण्यास एक अट आहे. शेजारची जागा मोकळी पाहिजे, आणि तीही उजव्या हाताची. 'सी' भरली आणि मोकळी जागा 'एफ'च्या पलीकडे असली, तर तिचा 'सी'ला काही उपयोग नाही. मध्ये दोन बिऱ्हाडे राहतात. मधल्या भागांना सरकवणारे प्रोग्रॅम मिळतात. तासन् तास चालणारे ते काम असते आणि मध्येच वीज गेली तर दोन्हीकडचे सामान रस्त्यावर येते. घरात यूपीएस नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. डिस्क रिकामी करून नव्याने आखणे अधिक शहाणपणाचे.

नव्याने आखताना यंत्र एक प्रश्न विचारते, एमबीआर की जीपीटी. ही भागांची नोंदवही ठेवण्याच्या दोन पद्धतींची नावे आहेत. पहिली १९८३ च्या सुमाराची. तिच्यात मुख्य नोंदी चारच मावतात आणि साधारण २ टीबीच्या पलीकडची जमीन तिला दिसत नाही. दुसरीत विंडोज १२८ भाग मांडू देते, आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. जीपीटी निवडावी. याहून अधिक विचार करण्याचे कारण नाही.

एका वाचकाने रागाने लिहिले आहे, की १ टीबीची डिस्क घेतली आणि कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो, तेव्हा उरलेले ६९ जीबी दुकानदाराने खाल्ले काय? नाही. कारखानदार हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने मोजते. तोच पसारा मोठ्या मापाने मोजला तर आकडा लहान येणारच. शेराचे किलो झाले तेव्हा धान्य कमी झाले नव्हते.

नावांविषयी दोन शब्द. अक्षरांवर विसंबू नये. डिस्कला नाव देता येते, ते मराठीतही चालते. 'प्रणाली', 'संग्रह', 'राखीव' अशी नावे दिली, की घरातील आजीलाही कळते कोठे काय आहे. मग 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' या फोल्डरांच्या गुणधर्मांत जाऊन 'लोकेशन' या पानावर त्यांचा पत्ता 'संग्रह' असा बदलावा, म्हणजे मोबाइलवरून उतरवलेले फोटो आपोआप मोठ्या डिस्कवर जाऊ लागतील. ते फोल्डर आधीच वनड्राइव्हच्या ताब्यात असतील तर प्रथम तेथून सोडवून घ्यावेत. प्रोग्रॅमांच्या फोल्डरचा पत्ता मात्र बदलू नये. त्याने जागा वाचते थोडी आणि डोकेदुखी वाढते फार.

जुन्या डिस्का उपसताना मराठी घरांत एक खास अडचण येते. १९९० ते २०१० च्या दरम्यान ज्यांनी श्रीलिपी किंवा आकृती वापरून मराठी टाइप केले, त्यांची पत्रे, लग्नपत्रिका, कोणाचे आत्मचरित्र, कुलवृत्तांताचे कच्चे खर्डे, हे सारे नव्या यंत्रावर उघडले तर चिनी जादूटोण्यासारखी चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ते फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, आणि नव्या यंत्रावर ते नाहीत, इतकेच. म्हणून जुन्या विंडोजमधला 'फॉन्ट्स' हा फोल्डर आधी नकलून घ्यावा, आणि मगच ती डिस्क पुसण्याचा विचार करावा. फॉन्ट गेले, तर आजोबांचे दोनशे पानी हस्तलिखित जवळ असून नसल्यासारखे. तेच फॉन्ट सापडले, तर युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधने आहेत, आणि मजकूर वाचवता येतो. फोटोंपेक्षा या फाइलींकडे लोकांचे दुर्लक्ष होते, कारण त्या दिसावयास कुरूप असतात.

राहता राहिला राखीव प्रतीचा प्रश्न. घरात एखादा उत्साही चिरंजीव असतो. तो म्हणतो, "बाबा, दोन डिस्का रेडमध्ये जोडू." ही कल्पना बर्कलेच्या तीन संशोधकांनी १९८८ साली मांडली, आणि ती चांगलीच आहे. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहते. पण तिच्या एका प्रकारात, ज्याला शून्य क्रमांक आहे, दोन डिस्का मिळून एकच संसार करतात आणि एक गेली की दोघी जातात. चिरंजीवांना वेगासाठी बहुधा तोच हवा असतो. आणि जुळ्या प्रतींच्या प्रकारातही, धाकटीने चुकून फोल्डर पुसला, तर दोन्हीकडून एकाच क्षणी पुसला जातो. हे दुकान चालू ठेवण्याचे साधन आहे, ठेवा जपण्याचे नव्हे.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक हिशेब आहे. प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत घराबाहेर. आपल्या तीन डिस्कांच्या घराला तो असा लावता येईल. 'संग्रह' ही पहिली प्रत. दुसरी एका नव्या, बाहेरून जोडण्याच्या डिस्कवर. ती महिन्यातून एकदा, समजा दर संकष्टीला, जोडावी, नक्कल झाली की सोडवून कपाटात ठेवावी. सोडवून ठेवणे महत्त्वाचे. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे जे व्हायरस आहेत, ते जोडलेल्या प्रत्येक डिस्कला कुलूप लावतात, न जोडलेलीला लावू शकत नाहीत. या कामासाठी एसएसडी घेऊ नये. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहणे तिला मानवत नाही. तिसरी प्रत परगावी, किंवा ज्यांना महिन्याचे पैसे भरणे परवडते त्यांनी इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवावी. फुकट पर्याय असा, की माळ्यावरची आजीबाई प्रकृतीने बरी निघाली, तर तिच्यावर तिसरी प्रत भरून ती भाऊबिजेला ठाण्याच्या बहिणीकडे द्यावी आणि तिच्या घरची डिस्क आपल्याकडे आणावी. चकल्यांच्या डब्याबरोबर ती सहज जाते. पुढच्या भाऊबिजेला अदलाबदल.

विंडोज ११ चे नवे यंत्र असेल, तर आणखी एक पाहून घ्यावे. पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप सांकेतिक लिपीत बंद होते. यंत्र बिघडून डिस्क दुसरीकडे जोडण्याची वेळ आली, की ४८ अंकांची किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर असते. आजच तेथून उतरवून विम्याच्या कागदांबरोबर ठेवावी. खाते मुलाच्या नावाचे आणि मुलगा परदेशी, असे असेल तर त्याला दिवाळीच्या फोनवर तेवढे विचारावे.

सारे सुखरूप उतरले, दोन ठिकाणी नकला झाल्या, आणि मग आजीबाई खरोखरच निकामी निघाली, तर तिला भंगारवाल्याच्या हाती तशीच देऊ नये. फाइल पुसली म्हणजे नोंदवहीतले नाव पुसले जाते, मजकूर तेथेच असतो. बँकेची कागदपत्रे आणि आधारच्या प्रती कोणीही वाचू शकेल. चालू स्थितीत असेल तर पूर्ण फॉरमॅट करावी. झटपट फॉरमॅट कामाचे नाही. चालत नसेल तर तारेच्या आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर आणून झाकण उघडावे आणि तबकड्या काढून त्यांच्यावर मनसोक्त ओरखडे ओढावेत. काही तबकड्या काचेच्या असतात, तेव्हा ठोकण्यापूर्वी जाड कापडात गुंडाळाव्यात आणि मुलांना लांब उभे करावे. पत्रा ई-कचऱ्यात द्यावा. आकडीच्या टोकाशी असलेली दोन लोहचुंबके मात्र टाकू नयेत. ती इतकी जबर असतात, की मध्ये बोट सापडले तर रक्त काळे होते, म्हणून एक एक करून काढावीत. पण लाकडी पट्टीच्या मागे बसवून ओट्यावर लावली, की सुऱ्या, कात्री आणि सांडशी तिथे लोंबकळत राहतात.